रांगेत चार तास, यंत्रावर एक सेकंद

मे २०१६ मध्ये आयबीएमने आपलं पाच क्युबिटचं क्वांटम यंत्र (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट, मोजला की ० किंवा १ देतो) इंटरनेटवरून कुणालाही वापरायला खुलं केलं. तेव्हापासून क्वांटम संगणकाशी आपली गाठ पडते ती बहुतेक वेळा ब्राउझरमधून किंवा वेब एपीआयमधूनच (आपल्या प्रोग्रामने त्यांच्या सर्व्हरला विचारायची ठरलेली पद्धत). माझं रोजचं काम तेच आहे: सर्किट (क्युबिटांवर करायच्या क्रियांची यादी) लिहायचं, जॉब (यंत्राला द्यायचं काम) पाठवायचा, आकडे आले की ते तपासत बसायचं. या अंकासाठी सात पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत बाकीच्या पत्रांतही डोकावतो.

प्रश्न : मी दोन क्युबिटचं बेल सर्किट (दोघांना एकमेकांत गुंतवणारं) पाठवलं. सिम्युलेटरवर (यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) फक्त ०० आणि ११ आले. खऱ्या यंत्रावर ४०९६ शॉट (सर्किटाच्या फेऱ्या) मागितले, तर ०० आलं २०११ वेळा आणि ११ आलं १९४२ वेळा. शिवाय ०१ आलं ६७ वेळा आणि १० आलं ७६ वेळा. हे शेवटचे दोन यायलाच नको होते ना? माझी चूक सर्किटात आहे की पाठवण्यात?

उत्तर : दोन्हींत नाही. आणि सगळे आकडे लिहून पाठवलेत याबद्दल आधी आभार. ‘निकाल चुकीचा येतो’ एवढंच लिहिलं असतं, तर मला काहीच सांगता आलं नसतं.

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली निव्वळ योगायोगाची. आदर्श यंत्र असतं तरी ०० बरोबर २०४८ वेळा आलं नसतं. प्रत्येक शॉट म्हणजे एक नाणेफेक धरा. ४०९६ फेकींत छाप २०४८ च्या आसपास येते आणि त्यात साधारण ३२ चा फरक इकडेतिकडे पडतोच. तुमचे २०११ आणि १९४२ पाहून ‘यंत्राला शून्य जास्त आवडतं’ असं म्हणायचा मोह होईल. पण दोन्हींतला फरक ६९ आहे, आणि नुसत्या योगायोगानेही ६४ च्या घरातला फरक सहज पडतो. एका जॉबवरून यापुढे जाता येत नाही.

दुसरी गोष्ट खऱ्या चुकांची. ०१ आणि १० मिळून १४३ होतात, म्हणजे साडेतीन टक्के. हा योगायोग नाही, कारण आदर्श यंत्रावर इथे शून्यच यायला हवा. यातला मोठा भाग बहुधा वाचनातला असतो. क्युबिट १ अवस्थेत आहे, पण मोजमाप चालू असतानाच तो घसरून ० वर येतो किंवा संकेतच धूसर येतो आणि यंत्र चुकीचा आकडा टिपतं. दर क्युबिटला दीड टक्का वाचनचूक धरली, तरी तीन टक्के शॉट तिथेच जातात. उरतो तो अर्धा टक्का. त्यात दोन क्युबिटच्या गेटची (दोघांवर मिळून केलेल्या क्रियेची) चूक आली, क्युबिटचं आपोआप निवणं आलं.

हे माझ्या शब्दावर ठेवू नका. पुढच्या वेळी त्याच जॉबमध्ये आणखी दोन सर्किटं जोडा. एकात काहीच करू नका, दोन्ही क्युबिट थेट मोजा. दुसऱ्यात दोन्हींवर एक्स गेट (० चा १ करणारं) लावा आणि मोजा. पहिल्यात सगळे ००, दुसऱ्यात सगळे ११ यायला हवेत. जे दुसरं काही येईल ती जवळपास सगळी वाचनचूक. बहुतेक वेळा दुसऱ्या सर्किटात चुका जास्त दिसतात, कारण १ वरून ० वर घसरणं सोपं असतं, उलट चढणं तितकं नाही. हीच तपासणी एका जॉबऐवजी उद्याच्या वेगळ्या जॉबमध्ये केली तर तिचा उपयोग निम्मा होतो. ते का, हे शेवटच्या उत्तरात येईल.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला फार महत्त्वाचं वाटणारं. ०० आणि ११ अर्धे-अर्धे आले म्हणजे क्युबिट गुंतले (एंटँगल झाले, दोघांची मिळून एकच अवस्था झाली) हे सिद्ध झालं, असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही. यंत्राने अर्ध्या वेळा ०० आणि अर्ध्या वेळा ११ तयार करून दिले असते, कसलंही गुंतणं न होता, तरी तुमच्या हाती हेच आकडे आले असते. फरक पाहायचा तर बेल सर्किटाच्या शेवटी, मोजण्याआधी, दोन्ही क्युबिटांवर एकेक हॅडामार्ड गेट (ठाम ० किंवा १ ला अर्ध्या-अर्ध्या शक्यतेत नेणारं) लावा. अवस्था खरोखर गुंतलेली असेल तर पुन्हा ०० आणि ११ च येतील, थोड्या कचऱ्यासह. नुसती सरमिसळ असेल तर चारही निकाल सारखे येतील, प्रत्येकी हजाराच्या आसपास. मी पहिल्यांदा हे दुसरं सर्किट चालवलं आणि ०० आणि ११ चे दोन उंच खांब पुन्हा उभे राहिलेले पाहिले, त्या दिवसाचा आनंद अजून ताजा आहे. तुम्हीही करून पाहाच.

प्रश्न : जॉब पाठवताना स्क्रिप्ट ‘टाइमआउट’ म्हणून थांबते. पुन्हा चालवली की कधी चालते, कधी नाही. रांगेत जॉब तासन् तास पडून राहतो तो वेगळाच. काय करावं?

उत्तर : सगळ्यात आधी, पुन्हा पाठवू नका. निदान लगेच तरी नाही.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून सांगते आहे. एका रात्री वीस सर्किटांचा जॉब पाठवत होते. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, पण उत्तर परत यायच्या आत माझं नेट तुटलं. स्क्रिप्टमध्ये मीच लिहिलेला लूप होता: उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठव, तीन वेळा. सकाळी यादी उघडली तर तेच काम तीनदा पूर्ण झालेलं, आणि आमच्या गटाला त्या महिन्यासाठी मिळालेल्या यंत्राच्या वेळेतला मोठा तुकडा त्यात गेलेला. सहकाऱ्याचा प्रयोग त्यामुळे पुढच्या महिन्यावर ढकलावा लागला. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, पण मला ते लागलं.

चूक कुठे झाली ते पाहा. स्टेटस विचारणारी ‘गेट’ विनंती शंभरदा पाठवली तरी काही बिघडत नाही. जॉब तयार करणारी ‘पोस्ट’ विनंती मात्र प्रत्येक वेळी नवा जॉब तयार करू शकते. उत्तर आलं नाही याचा अर्थ काम पोचलं नाही असा होत नाही.

म्हणून आता माझी पद्धत अशी आहे. पाठवण्याआधी जॉबला स्वतःची एक खूण देते (आयबीएमच्या सेवेत जॉबला टॅग लावता येतात) आणि ती खूण फाइलमध्ये लिहून ठेवते. पोस्टचं उत्तर आलं की जॉब आयडी त्याच ओळीत, लगेच, बाकी काहीही करायच्या आधी. उत्तर आलंच नाही तर मिनिटभर थांबून अलीकडच्या जॉबांची यादी मागवते आणि तिच्यात माझी खूण शोधते. सापडली तर आयडी उचलायचा. नाही सापडली तरच पुन्हा पाठवायचं. ॲमेझॉन ब्रॅकेटने (ॲमेझॉनच्या क्वांटम सेवेने) याची सोय एपीआयमध्येच केली आहे: काम तयार करताना ‘क्लायंट टोकन’ द्यावं लागतं, आणि तेच टोकन घेऊन तीच विनंती दुसऱ्यांदा गेली तरी दुसरं काम तयार होत नाही. पण त्यासाठी प्रत्येक प्रयत्नात टोकन तेच ठेवायला हवं. लूपच्या आत दर वेळी नवं टोकन बनवणारा कोड मी पाहिला आहे. त्याने सगळी सोय वाया जाते.

रांगेचं म्हणाल तर ती लांब असणारच. स्क्रिप्टला डोळे लावून बसवू नका. आयडी लिहिला की ती बंद करा, निकाल दुसऱ्या छोट्या स्क्रिप्टने नंतर आणा. वाट पाहायचीच असेल तर दोन विचारणांतलं अंतर वाढवत न्या: दहा सेकंद, वीस, चाळीस, मग दर पाच मिनिटांनी. दर सेकंदाला विचारलंत तर ४२९ येईल, म्हणजे ‘फार वेळा विचारताय’. आणि रात्रभर ठेवलेली स्क्रिप्ट तासाभराने ४०१, म्हणजे ‘ओळख पटत नाही’, देऊ लागली तर घाबरू नका. आयबीएम क्लाउडवर एपीआय कीच्या (खात्याच्या गुप्त किल्लीच्या) बदल्यात मिळणारं प्रवेशाचं टोकन एक तास चालतं. मुदत संपली ती टोकनाची. जॉब रांगेत सुखरूप असतो. नवं टोकन घ्या आणि त्याच आयडीने विचारा.

प्रश्न : तीन क्युबिटच्या सर्किटात फक्त क्युबिट शून्यवर एक्स गेट लावलं. १०० अपेक्षित होतं, ००१ आलं. दुसऱ्या सेवेवर तेच केलं तर १०० आलं! खरं कोणतं?

उत्तर : दोन्ही. किस्किटमध्ये (सर्किटं लिहायच्या आयबीएमच्या लायब्ररीत) क्युबिट शून्य सगळ्यात उजवीकडे लिहितात, जसा साध्या संख्येत एकं उजवीकडे असतो. ब्रॅकेटमध्ये तो सगळ्यात डावीकडे असतो. यात एक सापळा आहे. ०० आणि ११ सारखे निकाल उलटे वाचले तरी तसेच दिसतात, म्हणून बेल सर्किटावर ही गफलत कधीच लक्षात येत नाही. नवी सेवा हाती घेतली की तुम्ही पाठवलंत तेच एका एक्स गेटचं सर्किट पहिल्यांदा पाठवावं.

आयबीएमच्या एपीआयला थेट विचारत असाल, मधे किस्किट नसेल, तर निकालात काउंट्सही (कोणता निकाल किती वेळा आला ते आकडे) मिळणार नाहीत. प्रत्येक शॉटचा निकाल हेक्स (सोळाच्या पायाच्या) आकड्यात येतो: ०एक्स०, ०एक्स३, ०एक्स३, ०एक्स०, अशी हजारो नोंदींची माळ. ०एक्स३ म्हणजे बायनरीत ११. कोणता किती वेळा आला ते मोजणं आपल्याकडे. बायनरी करताना डावीकडची शून्यं गळू देऊ नका. तीन क्युबिटांत ०एक्स१ म्हणजे ‘१’ नव्हे, ‘००१’.

प्रश्न : जॉब रांगेत जातच नाही. हॅडामार्ड गेट या यंत्राला चालत नाही असा निरोप येतो. हॅडामार्डशिवाय क्वांटम सर्किट कसं लिहायचं?

उत्तर : लिहा हॅडामार्डच, पण पाठवण्याआधी यंत्राच्या बोलीत उतरवा. आयबीएमने मार्च २०२४ पासून हे काम पाठवणाऱ्यावर सोपवलं आहे: सर्किट यंत्राच्या मूळ गेटांत आणि यंत्राच्या जोडणीला धरून लिहिलेलंच हवं. त्यांच्या हेरॉन यंत्रांवर आरझेड, एसएक्स, एक्स आणि सीझेड ही मुख्य गेटं. हॅडामार्ड म्हणजे नव्वद अंशांचं आरझेड, मग एसएक्स, मग पुन्हा नव्वद अंशांचं आरझेड. सी-नॉट (एक क्युबिट १ असेल तरच दुसरा, म्हणजे लक्ष्य, उलटवणारं गेट) म्हणजे लक्ष्य क्युबिटवर हॅडामार्ड, मग सीझेड, मग पुन्हा हॅडामार्ड. किस्किटचा ट्रान्सपाइलर हे करून देतो. ओपनकॅझमचा (सर्किट लिहायच्या भाषेचा) मजकूर हाताने जेसनमध्ये (विनंतीच्या मजकुराच्या साच्यात) भरून पाठवत असाल तर तोही ट्रान्सपाइल झालेला हवा.

गेटांपेक्षा जोडणीकडे जास्त लक्ष द्या. या यंत्रांवर एका क्युबिटला जास्तीत जास्त तीन शेजारी असतात. लांबच्या दोघांत गेट हवं असेल तर अवस्था शेजाऱ्याशेजाऱ्यातून सरकवत न्यावी लागते, आणि अशी प्रत्येक अदलाबदल म्हणजे तीन सी-नॉट. कागदावर पाच सी-नॉटचं सर्किट ट्रान्सपाइल होऊन वीस-पंचवीसचं झालेलं मी अनेकदा पाहते. पाठवण्याआधी दोन क्युबिटवाली गेटं मोजा. निकाल किती गढूळ येणार याचा अंदाज तिथेच येतो. आयन-सापळ्याच्या यंत्रांत (जिथे क्युबिट म्हणजे अधांतरी धरलेले भारित अणू) कोणताही क्युबिट कोणाशीही थेट बोलू शकतो, त्यामुळे असं सर्किट तिथे आटोपशीर राहतं, मात्र प्रत्येक गेटला वेळ कितीतरी जास्त लागतो.

प्रश्न : मी शाळेत आहे. बटण दाबल्यावर खरंच कुठल्या तरी यंत्रात काही घडतं का? की नुसतं गणित करून उत्तर पाठवतात?

उत्तर : तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. हो, खरंच घडतं, आणि ते असं.

तुझं सर्किट मजकूर म्हणून सर्व्हरवर जातं आणि रांगेत उभं राहतं. नंबर लागला की त्यातल्या गेटांचे सूक्ष्मलहरींचे छोटे ठोके बनतात. अतिवाहक क्युबिटचं यंत्र असेल तर ते एका उंच शीतकपाटाच्या तळाशी बसलेलं असतं, आणि तिथलं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचे साधारण पंधरा सहस्रांश असतं, म्हणजे ०.०१५ केल्व्हिन. अवकाशातली पोकळीसुद्धा याहून गरम आहे, २.७ केल्व्हिन. ठोके तारांमधून खाली उतरतात आणि क्युबिटला वळवतात. एका क्युबिटचं गेट काही डझन नॅनोसेकंदांत संपतं. मग मोजमाप होतं, ० किंवा १ टिपला जातो. क्युबिटला निवून शून्यावर यायला थोडी उसंत देतात, आयबीएमच्या यंत्रांवर सहसा २५० मायक्रोसेकंद, आणि तेच सर्व पुन्हा. ४०९६ वेळा.

गुणाकार करून बघ: ४०९६ गुणिले २५० मायक्रोसेकंद म्हणजे जेमतेम एक सेकंद. तयारीचे काही सेकंद वर धरले तरी बस्स. मी चार तास रांगेत थांबते ती या एका सेकंदासाठी, आणि तो सेकंद आपल्याला मिळतो याचं मला अजूनही अप्रूप आहे.

नुसतं गणित करणारा असतो तो सिम्युलेटर. तोही वापर, सर्किट बरोबर लिहिलंय का ते तिथे फुकट कळतं. मात्र एकेक क्युबिट वाढवला की त्याला लागणारी मेमरी दुप्पट होते. ३० क्युबिटांची पूर्ण अवस्था साठवायला १६ गिगाबाइट लागतात, ३१ ला ३२. पुढचं तू कर.

प्रश्न : मित्राला कोडची नोटबुक पाठवली, तिच्यात एपीआय की राहून गेली. चालेल का?

उत्तर : नाही. आजच ती की रद्द करा आणि नवी घ्या. नोटबुकमधून नुसती पुसून भागत नाही, कारण जुनी प्रत त्याच्याकडे आहेच. नवी की एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (तुमच्या संगणकाच्या सेटिंगमध्ये) ठेवा, कोडमध्ये नको.

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी एका सर्किटाचे सुंदर निकाल आले होते. अहवालासाठी तेच सर्किट, तेच यंत्र, तेवढेच शॉट घेऊन पुन्हा चालवलं, तर बरंच वाईट आलं. जुना आकडा छापू की नवा?

उत्तर : दोन्ही छापा, पण आधी हे दोन्ही जॉब खरंच ‘तेच’ होते का ते पाहू.

यंत्राचं नाव तेच असतं, यंत्र रोज थोडं बदलतं. ठोक्यांची जुळवणी पुन्हापुन्हा होत राहते, क्युबिट किती वेळ टिकतो तो आकडा वरखाली होतो, काल उत्तम असलेली जोडी आज रखडते. वर पहिल्या उत्तरात तपासणीची सर्किटं त्याच जॉबमध्ये पाठवा म्हटलं, ते यासाठी. दुसरं कारण अनेकांच्या ध्यानातच येत नाही: ट्रान्सपाइलर त्या वेळचे चुकांचे आकडे पाहून चिपवरचे क्युबिट निवडतो, आणि त्याच्या निवडीत थोडा यादृच्छिक भागही असतो. दीड महिन्यापूर्वी तुमचं सर्किट चिपच्या एका कोपऱ्यात चाललं असेल आणि परवा भलत्याच. तुम्ही काहीही न बदलता गेटांची संख्यासुद्धा बदललेली असू शकते.

काउंट्सची चार आकड्यांची ओळ एवढीच जपून ठेवली, तर ती काही दिवसांत मुकी होते. मी निकालाशेजारी जॉब आयडी, तारीख-वेळ, यंत्राचं नाव, ट्रान्सपाइल झालेलं सर्किट जसंच्या तसं, कोणते क्युबिट वापरले, ट्रान्सपाइलरचा सीड (तो यादृच्छिक भाग ठरवणारा आकडा), लायब्ररीची आवृत्ती आणि शॉट, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवते. कंटाळवाणं वाटतं. पण तुमच्यासारखी वेळ आली की त्या फाइलशिवाय दुसरा आधार नसतो.

तुमच्याकडे अशी फाइल नसली तरी सगळं हातचं गेलेलं नाही. जॉबांच्या यादीतून दोन्ही आयडी काढा. जॉबचा तपशील मागवलात तर पाठवलेलं सर्किट त्यात मिळेल, आणि ते ट्रान्सपाइल झालेलं असल्यामुळे कोणते क्युबिट वापरले तेही दिसेल. मग आयबीएमच्या एपीआयकडे यंत्राचे गुणधर्म मागताना तारीख द्या. त्या तारखेआधीची शेवटची कॅलिब्रेशनची (जुळवणीची) नोंद परत येते. दोन्ही तारखांसाठी हे करा आणि तुमच्या क्युबिटांची वाचनचूक आणि त्यांच्यातल्या सीझेडची चूक शेजारीशेजारी लिहा. क्युबिट तेच आणि चूक वाढलेली असेल तर कारण सापडलं. क्युबिटच वेगळे निघाले तर जुना लेआउट (क्युबिटांची निवड) हाताने ठरवून देऊन आज एकदा चालवा, आणि ते तिन्ही आकडे मला पाठवा. पुढच्या अंकात ते शेजारीशेजारी मांडू.